तारीख येईपर्यंत महाडात

महाडला जाणारे बहुतेक लोक रायगडाच्या वाटेवर असतात. मी गेले तेव्हा माझ्याजवळ फाईली, गोळ्यांचा डबा आणि इन्सुलिनची थंड पिशवी होती. गड चढायचा प्रश्नच नव्हता, बहिणीच्या घरचा एक जिनाही मी दोनदा थांबून चढले.

मी सोलापूरची. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले. यजमान गेले, मुलगा बेंगळुरूला. मधुमेह जुना आहे, त्याच्या पाठोपाठ बाकीचं एकेक येत गेलं. मुंबईतल्या हृदयाच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, पण गळ्यातल्या गाठीचा निकाल आधी लावा म्हणाले. गाठीचे डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासू, मात्र रक्त पातळ करायच्या गोळ्या थांबवाव्या लागतील, त्याला हृदयाच्या डॉक्टरांची परवानगी आणा. मोतीबिंदूवाले साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावायला तयार नव्हते. आणि साखर खाली आणणाऱ्या मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली ती पुढच्या महिन्याच्या अखेरची.

"तिकडे एकटी भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा माझ्याकडे ये," सुलू फोनवर म्हणाली. "इथून मुंबई जवळ. आमचे हे गाडीने नेतील तुला."

सुलू माझी धाकटी बहीण. तिचे यजमान दिलीपराव महाडच्या शाळेत शिक्षक होते. दोघं आता घरीच असतात. म्हणून गेले.

महाड

सोलापूरच्या माणसाला महाडची हवा पहिले दोन दिवस अंगाला चिकटल्यासारखी वाटते. थंडीचे दिवस असूनही दुपारी घाम, पहाटे दव. वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळीही ओलसरच लागतं. बाजारपेठेत दिलीपरावांनी मला एका दुकानाच्या भिंतीवरची रेघ दाखवली, माझ्या डोक्याच्या बरीच वर. पुराचं पाणी तिथवर आलं होतं. त्या रेघेच्या खाली दुकानदार शांतपणे बिस्किटांचे पुडे लावत होता.

जेवणाचा मात्र पेच. आमच्याकडे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की जेवण झालं. इथे भाकरीही तांदळाची, पांढरीशुभ्र, मऊ, आणि ती खाल्ली तरी भात व्हायचाच. शेजारच्या घरी बोलावलं तर "नुसती चार शितं घ्या" असं म्हणत वाटीभर भात पानात येई. तो नको म्हटला की यजमानीण खरोखर हिरमुसायची. मी खायचे आणि रात्री बोटाला सुई टोचून साखरेचा आकडा बघितला की पस्तावायचे.

दुसरा फरक आजाराच्या बोलण्याचा. आमच्याकडे लोक आडून आडून विचारतात. इथे सुलूच्या शेजारणी सरळ येऊन बसायच्या, विचारायच्या, "काय काय झालंय तुम्हांला?" आणि मी सांगत असतानाच आपापलं सुरू करायच्या. एकीचं मूत्रपिंड, एकीचे गुडघे, एकीच्या नवऱ्याचं फुप्फुस. सगळ्यांच्या तारखा मुंबईच्या किंवा पुण्याच्या. तारीख कशी पुढे गेली हे त्या रंगवून सांगत. मला त्यातून धीर यावा असा त्यांचा हेतू होता. प्रत्यक्षात त्या उठून गेल्या की मी खिडकीपाशी बसून राही, गळ्यातली गाठ चाचपत. ती रोज थोडी मोठी लागते असा मला भास व्हायचा.

सव

सावित्रीच्या काठी सव नावाचं गाव आहे. तिथे जमिनीतून गरम पाणी येतं. सांधे धरलेले, कातडीचे विकार असलेले लोक लांबून येतात. "निदान पाय तरी सोडून बस, मन रमेल," असं सुलू म्हणाली आणि एका सकाळी आम्ही गेलो.

नदी संथ होती. पाण्यावर वाफ, हवेत गंधकाचा वास. कुंडाच्या पायरीवर आधीच तिघीचौघी बसल्या होत्या, कुणी गुडघ्यांवर पाणी घेत, कुणी डोळे मिटून. सुलूने पाय बुडवले आणि चटकन वर घेतले.

"केवढं कढत आहे गं."

"मला तर छान वाटतंय," मी म्हणाले.

आणि खरंच वाटत होतं. पोटऱ्यांना ऊब लागत होती. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा डॉक्टर, तारीख, आकडे काही डोक्यात नव्हतं. समोरच्या काठावर एक माणूस जाळं झटकत होता, त्याच्याकडे मी बघत बसले. सुलू अधूनमधून पाय बुडवून काढायची. मी एकदाही काढले नाहीत.

घरी आल्यावर पायपुसण्यावर ओल दिसली. सुलूने माझा पाय उचलून पाहिला. उजव्या तळव्याला आणि अंगठ्याखाली मोठाले फोड आले होते, एक फुटला होता. मला काहीही दुखत नव्हतं. मधुमेहाने पायांची जाणीव कमी होते हे मी वाचलं होतं, डॉक्टरांनी सांगितलंही होतं. पण आपले तळवे मेलेले आहेत हे मला त्या क्षणी कळलं. सुलू रडायला लागली. मी तिची समजूत घालत होते, आणि पाय कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा माझ्यासमोर पडला होता.

दवाखान्याचा बाक

गावातल्या एका लहान दवाखान्यात रोज ड्रेसिंग सुरू झालं. तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जखम भरेपर्यंत बायपासचं कुणी बोलणार नाही. जपा. चालू नका."

म्हणजे रांगेत आणखी एक आजार उभा राहिला, आणि तो सगळ्यांच्या पुढे.

ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकावर सुंदराबाई भेटल्या. सत्तरीच्या आसपास, काटक, नऊवारी, कपाळावर गोंदण. डावा पाय फडक्यात गुंडाळलेला, त्याची दोन बोटं काळी पडलेली. मुलगा विलास बिरवाडीजवळच्या कारखान्यात कामाला होता आणि बिरवाडीतच भाड्याच्या खोलीत राहत होता. तो आईला मोटारसायकलवर आणून सोडायचा आणि पाळीवर जायचा.

"तुमचा पाय कशानं झाला?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सवच्या पाण्यानं भाजला."

"आनि कळलं नाय?"

"नाही कळलं."

त्यांनी मान हलवली. "मला पन दगड रुतला तो कळला नाय. चपलेत रगत दिसलं तवा कळलं."

त्यांचंही माझ्यासारखंच होतं. साखर, रक्तदाब, मूत्रपिंड अधू. पायाची रक्तवाहिनी कुठे बंद झाली आहे हे बघायला औषध टोचून फोटो काढावा लागणार, पण ते औषध मूत्रपिंडाला झेपणार नाही. मूत्रपिंडाचे डॉक्टर आधी बघतो म्हणाले, त्यांची तारीख मुंबईची, अजून लांब. तोवर ड्रेसिंग. आम्ही दोघी रोज शेजारी बसू लागलो. मी वर्तमानपत्र वाचायचे, त्या घराबद्दल बोलायच्या. घर म्हणजे बिरवाडीची खोली नव्हे. पोलादपूर तालुक्यात डोंगरावर कुडपण आहे, तिथलं.

"खोलीत काय हाय गो बाय? तीन भिंती आनि एक दार. वास तर असा येतो कारखान्याचा, दूध नासल्यावानी. वर एकदा जाऊन घर बघून यावं वाटतं. दिवाळीपासून बंद हाय. मग कापा म्हनावं पाय."

पाय कापायचं तोवर कुणी डॉक्टर उघड बोलले नव्हते. त्यांनी स्वतःच उच्चारलं.

मी घरी येऊन सांगितलं. सुलूचा जीव लगेच कळवळला. दिलीपराव म्हणाले, गाडी आहे, रस्ता आता वरपर्यंत झालाय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊ. विलास आधी नको म्हणाला. शेवटी, "अंधाराच्या आत आना तिला," एवढंच म्हणाला. डॉक्टरांना आम्ही विचारलं नाही. ते काय म्हणतील हे ठाऊक होतं.

कुडपण

सुंदराबाई गाडीत बसल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक मोठं गाठोडं होतं. एका दिवसाला एवढं कशाला, असं माझ्या मनात आलं, पण विचारलं नाही. पोलादपुरात चहा घेतला, त्यांचा आणि माझा बिनसाखरेचा. टपरीवाल्याने हसून विचारलं, "दोघी बहिनी काय?" सुंदराबाई हो म्हणाल्या.

पोलादपूर मागे टाकून महाबळेश्वरकडचा रस्ता धरला आणि पुढे आत वळून चढाला लागलो. घाट अरुंद, वळणावळणाचा. खाली दरीत धुकं साचलं होतं, वर आलो तसं ऊन. पठारावर पोचलो आणि मी काच खाली केली. वाळलेलं सोनेरी गवत, कापणी झालेली नाचणीची शेतं, लांबवर प्रतापगड. वारा इतका गार की डोळ्यांतून पाणी आलं. सोलापूरच्या माळावरही असं उघडं आभाळ असतं, पण तिथे ते सपाट जमिनीला टेकतं. इथे ते आपल्या पायांखालून सुरू होतं.

आणि शांतता. मला ती आधी सुंदर वाटली. मग लक्षात आलं, निम्म्याहून जास्त घरांना कुलपं आहेत.

सुंदराबाईंनी आपलं दार उघडलं. आत उंदरांनी घातलेला धुडगूस, कोळ्यांची जाळी, एका कोपऱ्यात कौल निसटून पडलेला उन्हाचा कवडसा. त्या लंगडत चुलीपाशी गेल्या, राखेवरून हात फिरवला, मग केरसुणी शोधली आणि उंबरठा झाडू लागल्या. सुलूने हातातली केरसुणी घ्यायला बघितली तर दिली नाही.

शेजारी त्यांची जाऊ जनाबाई राहत होती. तीही त्याच वयाची, डोळ्यांना कमी दिसणारी, आत खाटेवर तिचा नवरा पडून. आम्हाला पाहून तिने गडबडीने चूल पेटवली. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, जवळ्याची सुकी चटणी. इतकं चवीचं मी महाडात काही खाल्लं नव्हतं, आणि भात नव्हता. जेवणाआधी मी ओटीवर बसून पोटात इन्सुलिनचं पेन टोचलं. माझ्या शेजारी सुंदराबाईंनी पिशवीतून सिरिंज काढली आणि भिंतीकडे तोंड करून टोचून घेतली. जनाबाई दोघींकडे बघत राहिली.

"आमच्या टायमाला असलं नव्हतं," ती म्हणाली.

"असल तं कळत नव्हतं," सुंदराबाई म्हणाल्या.

पानं वाढली. सुंदराबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातात धरूनच सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी ऱ्हातेय हितंच. कपडे आनलेत. औषध मडक्यात ठेवीन गार."

गाठोड्याचं कोडं सुटलं. दिलीपराव भाकरी खायचे थांबले. "अहो, विलासला आम्ही शब्द दिलाय."

"त्याला मी सांगते फोनवर. त्या खोलीत मरायचं तं हितं काय वाईट हाय?"

मला वाटलं, हिचं बरोबर आहे. मला स्वतःला असं एखादं घर असतं तर मीही सगळ्या तारखा सोडून तिथे बसले असते. मी तसं म्हणणारही होते. तेवढ्यात जनाबाई बोलली. आवाज चढवला नाही तिने.

"अक्का, तू ऱ्हा म्हनायला मला काय झालं? पन तुझा पाय कोन धुनार? मला सुईत दोरा दिसत नाय. ह्यांना उठवायला, बसवायला मीच. तुला ताप चढला तं मी काय करू?"

"मी करीन माझं."

"आनि नाय करवलं मग? पयली डोलीत घालून खाली नेत व्हते मानसाला. आता डोली उचलायला कोन हाय? तूच मोज गावात. चार खांदे भरत नायत गो."

सुंदराबाईंनी हातातला तुकडा पानात ठेवला. "बरं," म्हणाल्या, आणि उठून आपल्या घरात गेल्या. जनाबाई पदराने डोळे पुसत पिठलं वाढत राहिली, कुणाला नको असताना.

मी मागून गेले. दवाखान्यात चालू नका म्हणून सांगितलेलं विसरून, वाफ्यातून, दगडांतून. त्या मागच्या दारात उभ्या होत्या. समोर उताराची शेतं होती, त्यांची.

"ती खरंच बोलते," मला म्हणाल्या. "मी तिच्या जागी असते तं मीबी हेच बोलले असते. पन ऐकायला लय वाईट वाटलं."

मग त्यांनी मागचं दार आतून लावलं, पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जनाबाईच्या हातात दिली. "कौल बसवून घे कुनाकडनं तरी." दोघी एकमेकींच्या पाया पडल्या. मोठी कोण, धाकटी कोण, याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

उतार

घाट उतरताना सुंदराबाई मागच्या सीटवर माझ्या शेजारी होत्या. डोकं खिडकीला टेकलेलं, डोळे अर्धवट मिटलेले. सुलूने पुढून वळून एकदा पाहिलं आणि मला खूण केली, राहू दे, बोलू नकोस. दुःख आहे, ओसरू दे. मीही तसंच समजले.

काही वळणं गेली. गाडी हिसकली तेव्हा त्यांचा हात माझ्या मांडीवर पडला. ओला होता. कपाळही ओलं, चोळी घामाने भिजलेली, आणि बाहेर तर गार वारा. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, पण ओळख नव्हती.

तेव्हा मला ते पान आठवलं. सुई घेतली होती आणि घास पोटात गेला नव्हता. साखर खाली जाताना काय होतं ते मला माझ्या अंगावरून माहीत होतं, आणि तरी इतका वेळ मी शेजारी बसून घाट बघत होते.

"दिलीपराव, गाडी थांबवा."

माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची पावडर असते. ती त्यांच्या गालात, हिरड्यांवर बोटाने चोळत राहिले. गिळायला येत नव्हतं, म्हणून पाणी दिलं नाही. सुलू देवाचं नाव घेत होती. एक ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेला. कितीतरी वेळाने सुंदराबाईंची जीभ हलली, पावडर चाटली गेली. मग पाण्यात कालवून पाजली. डोळ्यांत हळूहळू माणूस परत आलं.

"पोचलो?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. घाटात आहोत."

"मला वाटलं घरात हाय मी," म्हणाल्या. पुन्हा खिडकीकडे वळल्या, आणि या वेळी रडल्या. मी हात धरून ठेवला, या वेळी नाडीवर बोट ठेवून.

बिरवाडीत पोचलो तेव्हा विलास रस्त्यावर येऊन उभा होता. आम्ही घडलेलं सांगितलं. तो रागावला नाही. आईला उचलून घेतलं आणि जिना चढला. गाठोडं मी त्याच्या शेजाऱ्याच्या हातात दिलं. घरी येऊन पाय बघितला तर ड्रेसिंग मातीने आणि रक्ताने माखलं होतं. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरांनी ते सोडताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंतर

आठवडाभराने बाक रिकामा दिसला. सुंदराबाईंना ताप भरला होता, काळेपणा घोट्यापर्यंत चढला होता. विलासने त्यांना रुग्णवाहिकेतून मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तारखेची वाट बघायची गरजच उरली नव्हती. ज्या डॉक्टरांची भेट कित्येक आठवडे मिळत नव्हती ते त्या एका दिवसात सगळे खाटेपाशी येऊन गेले, आणि गुडघ्याखाली पाय कापला.

माझी तारीख आली. दिलीपरावांनी मुंबईला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी साखरेचे आकडे पाहिले, मग पाय पाहिला, इन्सुलिन वाढवून दिलं आणि जखम सुकल्यावर या म्हणाले. हृदयाच्या डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं. गळ्यातल्या गाठीत सुई मात्र घातली. निकालात 'खात्रीने सांगता येत नाही, पुन्हा तपासणी करावी' असं लिहून आलं. मी सोलापूरला परतले. इथली कोरडी हवा जखमेला मानवली, आता खपली धरली आहे. बायपासची नवी तारीख अजून कळायची आहे.

गेल्या आठवड्यात विलासच्या नंबरावरून फोन आला. सुंदराबाई होत्या. बिरवाडीच्या खोलीतच आहेत. जिना उतरता येत नाही, म्हणून खालीसुद्धा आल्या नाहीत. जनाबाईचा नवरा वारला, तेव्हा कुडपणला जाता आलं नाही, असं म्हणाल्या. मी विचारलं, दुखतं का फार.

"जखम भरली. पन नसलेली टाच खाजते गो बाय. रातदिस खाजते. दगड रुतला तवा काय कळलं नव्हतं त्या पायाला, आनि आता कापून टाकल्यावर सगळं कळतंय."

मग त्यांनीच विचारलं, "तुमचा नंबर लागला काय?"

"नाही अजून," मी म्हणाले.

"लागंल," त्या म्हणाल्या, आणि विलासच्या पाळीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.